यंत्रांची भाऊबंदकी आणि आपला संसार

एका कंपनीच्या मिक्सरचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही, हे काही तुम्हांला सांगायला नको. झाकण फुटलं की तेच नाव, तोच नंबर शोधत बाजारभर हिंडायचं. दुकानदार म्हणतो, "बाई, ते मॉडेल आता येत नाही, नवाच घ्या." तरी बरं, मिक्सर रुसला तर चटणी पाट्यावर वाटून वेळ निभावता येते. पण घरातल्या कॉम्प्युटरनं आणि फोननं असाच हट्ट धरला, तर? त्यांत तर आपली पत्रं, मुलांचे फोटो, हिशेब, पाककृती आणि आईवडिलांचा आवाजसुद्धा असतो!

आज बहुतेक घरांत दोन पक्ष असतात. एक म्हणतो विंडोजच चांगलं, दुसरा म्हणतो मॅकसारखं यंत्र नाही. फोनचंही तसंच. थोरल्याच्या हातात अँड्रॉइड, धाकटीच्या हातात आयफोन, आणि दिवाळीला एकत्र जमले की चार्जरवरून वाद. आपण स्वयंपाकघरातून ऐकतो आणि मनात म्हणतो, 'यांचं यांना लखलाभ.' पण भगिनींनो, हे भांडण केवळ मुलांचं नाही. त्याचा चटका कधी ना कधी आपल्याला बसतो. मला बसला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर असोदा आणि सासर जळगाव. मधे फारसं अंतर नाही, सकाळी निघालं तर भरीत-भाकरी खाऊन दुपारपर्यंत परत. गेली तीस-बत्तीस वर्षं मी घरी बसून मराठी टायपिंगची आणि लग्नपत्रिका जुळवायची कामं करते. तेवढ्या काळात पाच-सहा तऱ्हांची यंत्रं माझ्या हाताखालून गेली. कुणावर जीव जडला, कुणाचा राग आला, कुणाशी नुसतं कामापुरतं बोलणं राहिलं.

बोटांची सवय

विंडोज, मॅक, लिनक्स ही नावं ऐकून घाबरू नका. यंत्राच्या आत एक कारभारी बसलेला असतो. कळ दाबली की काय करायचं, अक्षर कुठं उमटवायचं, कागद कुठं ठेवायचा, हे तो ठरवतो. यंत्र म्हणजे घर आणि ही नावं म्हणजे त्या घराच्या कारभाऱ्यांची. कारभारी बदलला की रीतभात बदलते, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

लग्नाआधी मी मराठी टायपिंगच्या तीस आणि चाळीस शब्दांच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या. त्या काळी मुलीच्या हाती असलेलं ते एक हुकमी शिक्षण होतं. १९९२ साली जळगावात एका क्लासमध्ये पहिल्यांदा कॉम्प्युटरपुढं बसले, तेव्हा समोर होता नुसता काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. त्या कारभाऱ्याचं नाव डॉस. चित्र नाही, माऊस नाही. हुकूम इंग्रजीत टाइप करायचा आणि एक अक्षर चुकलं तर तो सरळ 'हुकूम चूक' म्हणून परत पाठवायचा.

त्या काळ्या पडद्यावर मराठी कशी उमटायची, ही गोष्ट मोठी कौतुकाची आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत वाढलेलं 'जिस्ट' नावाचं तंत्र होतं. त्याचं एक कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात बसवलं की इंग्रजी यंत्र मराठी, गुजराती, तामिळ लिहू लागे. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी सरकारी मानकही ठरलं. त्याबरोबर आलेला कळफलक म्हणजे इन्स्क्रिप्ट. यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. 'क' ची कळ शिफ्टबरोबर दाबली की 'ख'. तीच मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना. किती शहाणपणाची योजना!

पण माझी बोटं टाइपरायटरवर तयार झालेली. त्यांना जुनीच मांडणी हवी होती. क्लासमधल्या ज्या यंत्रावर टाइपरायटरचा कळफलक मिळे, त्यासाठी मी अर्धा तास ताटकळायची. आपल्या पक्षाची सुरुवात अशीच होते पाहा. यंत्र चांगलं की वाईट, हे बुद्धी ठरवत नाही. ज्यावर आपला हात बसला, ते आपलं! पहिल्या शेगडीचं तसंच, पहिल्या तव्याचंही तसंच.

डब्यावर चहा, आत जिरं

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं आणि पुढच्याच वर्षी पतपेढीचं कर्ज काढून आम्ही घरी एक कॉम्प्युटर आणला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. ह्यांची शाळेतली नोकरी, दोन लहान मुलं. मी सकाळचा स्वयंपाक उरकून अकराला बसायची आणि मुलं शाळेतून येईपर्यंत उठायची नाही. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं. खिडक्या, चित्रं, माऊस, रंग! डॉसकडे मी परत वळूनही पाहिलं नाही. दोन वर्षांत कर्ज फिटलं आणि माझ्या कमाईचं पहिलं मंगळसूत्र जळगावच्या सराफ बाजारातून घेतलं. सांगा, त्या विंडोजवर माझा जीव का जडू नये?

त्या दिवसांत मराठी अक्षरांच्या म्हणजे फाँटांच्या निरनिराळ्या संचांचा सुकाळ होता. पुण्याची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, शिवाय आकृती. अक्षरं एकाहून एक सुबक. पत्रिकेवर तर अशी शोभायची की बघत राहावं. पण त्यांच्या पोटात काय चाललं होतं, ते नीट समजून घ्या, कारण खरी गोम तिथंच आहे.

कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, अंक ओळखतो. इंग्रजी 'ए' चा अंक ६५, 'बी' चा ६६, असं साऱ्या जगानं ठरवून घेतलेलं. मराठीसाठी त्या काळी सर्वमान्य अंक विंडोजवर नव्हते. मग फाँट करणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठी अक्षरांची चित्रं बसवली. यंत्राला वाटायचं, बाई इंग्रजी लिहिते आहे. पडद्यावर मात्र दिसायचं मराठी.

ही युक्ती आपण स्वयंपाकघरात रोज करतो. डब्यावर लिहिलेलं 'चहा', आत असतं जिरं. बिस्किटांच्या डब्यात डाळ. आपल्याला पाठ असतं, म्हणून संसार चालतो. पण आपण चार दिवस माहेरी गेलो की घरात गोंधळ! फाँटांचं तसंच होतं. प्रत्येक कंपनीची डबे भरायची रीत वेगळी. एकीच्या 'के' च्या डब्यात 'ज्ञ', तर दुसरीच्या त्याच डब्यात काना. तो विशिष्ट फाँट त्या यंत्रावर नसला की सारा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि प्रश्नचिन्हांची खिचडी.

शिवाय यांतल्या काही प्रोग्रॅमांबरोबर एक छोटं कुलूप यायचं. प्रिंटरची वायर लावायच्या जागी ते मागून खोचायचं. ते कुलूप असेल तरच प्रोग्रॅम उघडणार. चोरी होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था, त्यात गैर काही नव्हतं. पण आपण लिहिलेलं वाचायची किल्ली आपल्याकडे नसून त्या डबीत आहे, ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या मनात फारशी येत नसे.

दुसऱ्या आळीतलं सफरचंद

१९९७ च्या सुमारास पुण्याला गेले असताना एका जाहिरातवाल्यांच्या कचेरीत मॅक पाहिला. उष्टं सफरचंद मिरवणारा. चित्र आणि माऊस घेऊन मॅक १९८४ सालीच आला होता. विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ च्या नोव्हेंबरातली. पडद्यावर जसं दिसेल तसंच कागदावर उमटेल, ही छपाईवाल्यांची जुनी हौस मॅकनं आधी पुरवली, म्हणून जगभर छापखान्यांत त्याचा मान मोठा. त्या कचेरीतल्या बाईंच्या हातांखालचं ते यंत्र मी डोळे भरून पाहिलं. किंमत ऐकली आणि गप्प बसले. आमच्या मिळकतीत ते बसणारं नव्हतं. घरी येताना मात्र गाडीत मी ह्यांना मॅकचे दोष सांगत होते! पैठणी परवडत नसली की आपण नाही का म्हणत, 'फार जड असते बाई, अंगाला टोचते'?

या दोन घराण्यांची भाऊबंदकीही ऐकण्यासारखी आहे. आमचा नमुना चोरला म्हणून अ‍ॅपलनं १९८८ साली मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. तो वर्षानुवर्षं चालला आणि १९९४ साली अपिलातही निकाल मायक्रोसॉफ्टच्या बाजूनं गेला. इकडे दोघांचे चाहते एकमेकांना पाण्यात पाहत होते. आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये काय व्हावं? अ‍ॅपल अडचणीत असताना मायक्रोसॉफ्टनंच त्यात पंधरा कोटी डॉलर घातले आणि आपले ऑफिसचे प्रोग्रॅम मॅकसाठी पुढंही करत राहू, असं कबूल केलं. स्टीव्ह जॉब्झनी हे भर सभेत सांगितलं, तेव्हा चाहत्यांनी हुर्यो केली. आमच्याकडे म्हणतात ना, बांधावरून भाऊ कोर्टात जातात आणि तारखेच्या दिवशी एकाच टपरीवर चहा पितात. भांडण लक्षात राहतं ते त्यांच्या बायकांच्या! कंपन्यांच्या भांडणात आपण किती जीव घालायचा, हे मला त्या बातमीनं शिकवलं.

मायची गाणी

आता मुख्य गोष्टीकडे येते.

माझी माय शाळेत गेलेली नव्हती. पण जात्यावरच्या ओव्या, आखाजीची झोक्यावरची गाणी, लग्नातली हळदीची गाणी तिला तोंडपाठ. आखाजीला मी माहेरी गेले की रात्री ती म्हणायची आणि मी वहीत उतरवायची. जळगावला परतले की टाइप करायची. १९९७ ते २००१ या काळात एकशेबारा गाणी झाली. माय एकदा कौतुकानं घरी आली, पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुह्या त्या डब्यात कोंडलेलं गाणं पुन्हा बाहेर निघीन ना व माय?" आम्ही सगळे हसलो. प्रिंट काढून तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं तो कागद देवघरात ठेवला. वह्या पुढं असोद्याचं जुनं घर पाडताना पावसात भिजल्या.

२००६ साली माय गेली. २००८ साली आम्ही नवा कॉम्प्युटर घेतला. मायच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला गाण्यांची छोटी पुस्तिका करून नातेवाइकांना वाटायची, असं बहिणींचं ठरलं. फाइली नव्या यंत्रावर आणल्या, उघडल्या, आणि पडद्यावर ती खिचडी! जुना प्रोग्रॅम घालावा, तर नव्या यंत्राला ते कुलूप खोचायची जागाच नाही. ज्यांच्याकडून प्रोग्रॅम घेतला होता, ते दुकान केव्हाच बंद झालेलं. काही फ्लॉप्यांना तर पावसाळ्यांनी बुरशी आणली होती, त्या उघडेचनात. माझ्या हातांनी लिहिलेली, माझ्या आईच्या तोंडची गाणी माझ्याच घरात मला वाचता येईनात.

त्या रात्री मला राहून राहून आमच्या गावच्या बहिणाबाई आठवल्या. त्यांचं माहेर असोदा, सासर जळगाव. त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या जे बोलत, ते मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी कागदावर टिपून ठेवलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली पुस्तक निघालं. त्या वहीला उघडायला कुठली किल्ली लागली नाही, कुठला कारभारी लागला नाही. ज्याला बाराखडी येते, त्याला ती वाचता आली. माझ्या नव्याकोऱ्या यंत्राला ते जमत नव्हतं. माझा विंडोजवरचा जीव त्या आठवड्यात उडाला.

फुकटचा पेंग्विन

मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत आला आणि म्हणाला, "आई, जुन्या पेटीवर लिनक्स टाकू." लिनक्सची गोष्ट आपल्या भजनी मंडळासारखी आहे. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली ते सुरू केलं आणि सगळ्यांना मोकळं करून दिलं. कुणीही घ्यावं, आत काय आहे ते पाहावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. पेंग्विन पक्षी ही त्याची खूण. त्या काळी उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी मागितली तर परदेशातून टपालानं घरपोच फुकट यायची. पोस्टमननं ती आणून दिली, तेव्हा ह्यांना खरंच वाटेना. आपल्या सी-डॅकनंही 'बॉस' नावाचं लिनक्स काढलेलं आहे.

लिनक्समुळे गाणी आपोआप परत आली, असं मात्र समजू नका. गाणी परत आणली ती युनिकोडनं. ही युनिकोड काय चीज आहे, ते प्रत्येकीनं समजून घ्यावं. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक द्यायचा, हे काम १९९१ पासून सुरू झालं आणि त्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. 'क' चा क्रमांक २३२५. तो विंडोजवर २३२५, मॅकवर २३२५, लिनक्सवर आणि फोनवरही २३२५. म्हणजे डब्यावर 'जिरं' लिहिलेलं आणि आतही जिरंच. विंडोजमध्ये ही सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. पुढच्या एक्सपीमध्येही ती होती, पण मुद्दाम चालू करून घ्यावी लागे, म्हणून कित्येकांना तिचा पत्ताच नव्हता.

मुलानं एक तक्ता केला. जुन्या फाँटातल्या अमक्या चिन्हाला युनिकोडचं तमकं अक्षर, अशा दोनशेच्या वर जोड्या. तक्ता चालवला आणि खिचडीतून मराठी दिसू लागली. पण कशी? ऱ्हस्व वेलांट्या सगळ्या एक घर अलीकडे! जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. रफार याच्या उलट. 'कर्म' चा रफार आधी 'म' नंतर असे, आता 'म' च्या आधी हवा. यंत्राला जेवढं सुधारता आलं तेवढं त्यानं सुधारलं. उरलेलं मी एकेक ओळ वाचून नीट केलं. मायच्या तोंडची आमची बोली यंत्राला काय कळणार? ते काम माझंच होतं.

चार महिने लागले. बुरशी लागलेल्या फ्लॉप्यांत अकरा गाणी होती, ती काही निघाली नाहीत. मी असोद्याला मावशीकडे जाऊन बसले. तिचं वय तेव्हा शहात्तर. आठवेल तसं ती म्हणत गेली. सात गाणी पुरी झाली. चार गेली ती गेलीच. त्यांतल्या एकाची चाल मला येते, शब्द येत नाहीत. आजही भांडी घासताना ती चाल तोंडात येते आणि पुढं काहीच नसतं. एकशेआठ गाण्यांची पुस्तिका छापली, ती मावशीच्या हयातीत झाली, एवढं समाधान.

लिनक्सवर मी इतकी खूश होते की सगळं काम तिकडेच न्यायचं ठरवलं. पण लग्नपत्रिका ज्या प्रोग्रॅमवर जुळवायच्या, ते त्यावर चालत नाहीत आणि छापखानेवाले मागतात त्याच फाइली. गिऱ्हाइकाला तत्त्वज्ञान सांगून पोट भरत नाही. म्हणून पत्रिका विंडोजवर आणि जपून ठेवायचं ते युनिकोडमध्ये, अशी वाटणी केली. त्याच वेळी जिवावर उदार होऊन टाइपरायटरचा कळफलक सोडला आणि इन्स्क्रिप्ट शिकले. वय चव्वेचाळीस. रोज अर्धा तास, तीन आठवडे. पहिले आठ दिवस रडू यायचं. पण त्या एका विद्येनं मला सगळ्या कारभाऱ्यांच्या जाचातून सोडवलं, कारण तो कळफलक सगळीकडे सारखाच मिळतो.

मुलगी आयफोनवाली, मुलगा अँड्रॉइडवाला

पुढं मुलगी शिकायला अमेरिकेत गेली, तिथंच नोकरी आणि संसार. तिच्याकडे आयफोन आणि मॅकबुक. मुलगा पुण्यात अँड्रॉइडवाला. माझ्या घरी विंडोज. एका घरात तीन पंथ! सुरुवातीच्या स्वस्त अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत किंवा जोडाक्षरं तुटत. ते दिवस गेले. पण फोटोंचा घोळ बरेच दिवस चालला. २०१७ पासून आयफोन फोटो आपल्या वेगळ्या पद्धतीनं साठवू लागला. नातवाचा फोटो आला आणि माझ्या कॉम्प्युटरवर उघडेना, तर जीव कसा होतो सांगा! कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की साधे फोटो येतात, हे मुलीला मीच फोनवरून सांगितलं.

२०२२ साली मुलीच्या बाळंतपणासाठी गेले, तेव्हा सहा महिने तिचा मॅकबुक वापरला. पंचवीस वर्षांपूर्वी जो परवडत नाही म्हणून मी त्याला नावं ठेवली होती, तोच समोर! देवनागरी कळफलक चालू केला आणि बोटं आपोआप चालू लागली. कंट्रोलऐवजी कमांडची कळ दाबायची, एवढा फरक. यंत्र देखणं आहे, शांत आहे, त्याचं अक्षर डोळ्यांना गोड लागतं. पण मन काही धडधडलं नाही. मायची गाणी त्यावर उघडली, ती जशीच्या तशी दिसली आणि बाळाला पायांवर घेऊन मी त्यातलंच एक म्हटलं. आता मला कुणी विचारलं, कुठलं यंत्र चांगलं, तर मी म्हणते, जे माझी गाणी जशीच्या तशी दाखवतं आणि उद्या दुसऱ्याच्या घरी जाऊ देतं, ते.

कंपन्यांवर जनमताचा आणि कायद्याचा दाब आला की त्याही वाकतात, हे ध्यानात असू द्या. युरोपात एकाच तऱ्हेच्या चार्जरचा नियम झाला, तो २०२४ च्या अखेरीस लागू झाला आणि आयफोनला २०२३ पासूनच अँड्रॉइडसारखीच पिन आली. आमच्या घरातला दिवाळीचा चार्जरचा वाद त्यानं मिटला.

एवढं मात्र करा

आता थोडं कामाचं सांगते. कात्री घ्या आणि एवढा भाग कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

१. जुना मराठी मजकूर पारखून घ्या. कॉम्प्युटरवरच्या फाइलीतल्या चार ओळी स्वतःच्याच फोनवर संदेश म्हणून पाठवा. नीट वाचता आल्या तर तो युनिकोड आहे, काळजी नाही. खिचडी दिसली तर ज्या यंत्रावर ती फाइल आज वाचता येते, ते यंत्र भंगारात देऊ नका. आधी मजकूर बदलून घ्या. जुन्या फाँटातून युनिकोड करून देणारे प्रोग्रॅम मिळतात. बदलल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा.

२. जे जपायचं, ते तीन ठिकाणी ठेवा. एक घरच्या यंत्रात, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे मुलीकडे किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. वर्षातून एकदा, दिवाळीची भांडी घासायला काढता त्याच आठवड्यात, ते उघडतं का पाहा. सीडी आणि पेनड्राइव्ह कायमचे टिकतात, असं समजू नका.

३. महत्त्वाचं ते कागदावर छापाच. मायच्या गाण्यांतली चाळीस गाणी माझ्याकडे छापील होती, त्यांवरूनच मुलाचा तक्ता बरोबर आहे की नाही, ते तपासता आलं.

४. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना किंवा उलट, आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांचं काय ते विचारा. २०२२ पर्यंत अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा नेण्याची सरळ सोयच नव्हती. आता आहे, पण नवा फोन सुरू करतानाच ती वापरणं सोपं पडतं. जुना फोन लगेच विकू नका.

५. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. दुकानदार म्हणेल, नवाच घ्या. पण तुमचं यंत्र धडधाकट असेल आणि काम पत्रव्यवहार, हिशेब, सिनेमे एवढंच असेल, तर त्यावर लिनक्स टाकून घेता येतं. घरातल्या किंवा आळीतल्या जाणत्या मुलाला विचारा. आधी मात्र सगळं उतरवून ठेवा.

६. पासवर्ड एका वहीत लिहा आणि ती वही दागिन्यांजवळ ठेवा. घरच्या एका तरी विश्वासू माणसाला ती कुठं आहे ते माहीत असावं. कारभारी कुठलाही असो, किल्ली आपल्या कनवटीला हवी.

७. नवं यंत्र किंवा फोन घेताना दुकानदाराला 'यात काय काय येतं' एवढंच विचारू नका. 'यातून माझं सामान बाहेर कसं काढायचं' हेही विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर दुसरं दुकान पाहा.

आणि शेवटचं. हे सगळं यंत्रांचं झालं. ज्यांच्या तोंडी गाणी आहेत, त्या आई, सासूबाई, मावश्या, आत्या आज तुमच्या घरात असतील. त्यांना पुढची आखाजी लागेल की नाही, कुणी सांगावं! भाजी निवडता निवडता त्यांच्याजवळ बसा, फोनवर आवाज उतरवून घ्या आणि रात्री चार ओळी टाइप करा. कुठल्याही यंत्रावर करा. मावशीजवळ बसले तेव्हा ती म्हणाली होती, "दोन वर्षं आधी आली असती तं अजून आठवलं असतं."